चिकटवलेलं पोट

शाण्या खांबानं सकाळी सात वाजता जाहीर केलं की मळेवाडीच्या डोंगरावर चोर शिरलाय.

खांबाचं सरकारी नाव ओळखयंत्र. पण गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं करून टाकलं होतं. पुरुषभर उंचीचा खांब, वर निळसर दिवा, खाली पांढऱ्या कापडाची पट्टी. दिव्यावर आलेली पाखरं पट्टीवर बसायची. खांब त्यांचे फोटो घ्यायचा, एखाद्याच्या पायाचा तुकडा खुडून त्यातली जनुकं वाचायचा आणि उजाडायच्या आत सगळ्यांचं नाव-गाव-कूळ मोबाइलवर धाडून द्यायचा. आजऱ्याच्या पश्चिमेला यंदापासून डोंगराडोंगरावर असा एक शाणा उभा होता.

"आत्ती, बघ की काय म्हणालंय हे," म्हणत प्रांजलनं मोबाइल पुढं केला.

पडद्यावर लिहिलं होतं: एपिसेफाला तस्कर. एकशे बारा. खात्री नव्व्याण्णव पूर्णांक सात टक्के. फवारणीची शिफारस.

सुवर्णा गुरव त्रेसष्ट वर्षांची. पुण्याच्या संग्रहालयात चाळीस वर्षं काढून ती भावाच्या गावी परतली होती. भाऊ वारल्यावर घर आणि डोंगर त्याच्या मुलीकडं, म्हणजे प्रांजलकडं आला, आणि आत्या-भाची दोघीच राहत होत्या. पुण्याला राहून सुवर्णाची भाषा 'करते-जाते'वर आली होती. प्रांजल अजून अस्सल कोल्हापुरी, 'करतो-जातो'वालीच.

डोंगरावर भोम्याची झाडं होती. पूर्वी भोम्याला कुत्रं विचारत नव्हतं. जळणाचं झाड, बस्स. मग कुणीतरी त्याच्या बियांतून सांधेदुखीचं औषध काढलं आणि दहा वर्षांत सगळा घाट भोम्यानं भरला. इवल्या भोपळ्यासारखी, फाका पडलेली बोराएवढी फळं, एकेका फळात बारा लाल बिया. मळेवाडीच्या दोनशे घरांच्या चुली त्या बियांवर पेटत होत्या. आता त्या बिया खाणारी कीड सापडली म्हटल्यावर प्रांजलचा चेहरा उतरला तर नवल नाही.

सुवर्णानं गळ्यातलं पितळी भिंग काढलं आणि पट्टीवर वाकली. तांदळाच्या कणीएवढं पाखरू, करड्या पंखांवर पांढरी रेघ. तिनं चिमट्यानं ते अलगद उलटं केलं आणि गुंडाळलेली जीभ सुईनं उलगडली. जिभेवर केस होते. केसांत भोम्याचे पिवळे परागकण खच्चून भरले होते.

तिनं दुसरं उचललं. केस. तिसरं, चौथं, पाचवं. सगळ्यांना केस.

"अगं आई गं!" ती म्हणाली आणि तिथंच दगडावर बसली.

"काय झालं? लई वंगाळ हाय व्हय?"

"नाही. उन्हानं गरगरलं जरा," सुवर्णा म्हणाली. त्या दिवसांतलं हे पहिलं खोटं.

आता तुम्ही म्हणाल, कणीएवढ्या पाखराच्या जिभेला केस आहेत का नाहीत, याची उठाठेव कुणाला? तीच तर गंमत आहे. हे पाखरांचं कूळ मोठं इमानी. भोम्याची फुलं अशी बारीक की मधमाशी त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही. या पाखराची मादी तेवढी येते. नरफुलातले पराग जिभेवरच्या केसांनी गोळा करते, मादीफुलात नेऊन मुद्दाम, ठरवून भरते, आणि मग त्याच फुलात एक अंडं घालते. फळ धरलं की बारातल्या दोन-तीन बिया तिची अळी खाते, बाकीच्या झाडाला राहतात. काम केलं, मजुरी घेतली, विषय संपला. पण प्रत्येक कुळात एखादा निघतोच ना! याच पाखरांत एक जात आयतोबा आहे. ती परागाला हात लावत नाही, दुसरीनं धरवलेल्या फळात अंडं घालते आणि निम्म्याहून अधिक बिया फस्त करते. तिच्या जिभेला केस नाहीत. बाकी पंख, रंग, मिशा, सगळं हुबेहूब सारखं. जिभेखेरीज दुसरा भरवशाचा पुरावा पोटात. पोट काढायचं, कॉस्टिकच्या कोमट पाण्यात मऊ करायचं, साफ करून सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांचा आकार बघायचा. जातीजातीत तो वेगळा असतो, कुलूप-किल्लीसारखा. असलं पोट न फाडता साफ करणारे हात साऱ्या देशात पाच-सहा असतील, आणि त्यातले दोन सुवर्णाचे.

ती संग्रहालयात लागली तेव्हा मात्र झाडू मारायला लागली होती. बाविसावं वर्ष. तिसऱ्या महिन्यात एक जुनं पितळी भिंग हरवलं आणि सगळ्यांची बोटं तिच्याकडं वळली. भर व्हरांड्यात तिची पिशवी उपडी केली, डब्यातली भाकरीसुद्धा मोडून बघितली. तेव्हा डॉ. श्रीरंग आठल्ये मध्ये पडले. "ही मुलगी चोर नाही," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तिला सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवलं. भिंग चार दिवसांनी एका साहेबाच्याच कोटात सापडलं. स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी सरांनी तेच भिंग तिला दिलं होतं, ते हे.

जिभेवरचे केस पहिल्यांदा तिनंच पाहिले. त्या दोन जातींची नोंद सरांनी केली तेव्हा कामकऱ्या पाखराला तिचं नाव दिलं: एपिसेफाला सुवर्णाए. स्वतःचं नाव स्वतःच्या किड्याला द्यायचं नाही, अशी या लोकांत रीत आहे. दुसऱ्यानं द्यावं लागतं. आयत्या जातीचं नाव ठेवलं तस्कर. सुवर्णानं त्या छापील पानाची झेरॉक्स काढून आईला नेऊन दाखवली होती. आईला वाचता येत नव्हतं, पण तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली.

पण नोंद करायची तर नमुना लागतो. एक टाचणी, एक पाखरू, खाली लाल चिठ्ठी. जगात कुठंही वाद झाला की त्या एका पाखराकडं बोट दाखवायचं. दोन्ही जातींच्या धड म्हणाव्यात अशा दोनच माद्या हाती होत्या. सर त्या आंबोलीहून जीपनं घेऊन आले, आणि घाटातल्या खड्ड्यांनी पेटीच्या तळाशी दोन पोटं निखळून पडली. असं होतंच. सुकलेल्या पाखराचं पोट धक्क्यानं निखळतं, ते डिंकानं परत चिकटवतात. पण एकाच पेटीत दोन पोटं म्हटल्यावर कुठलं कुणाचं?

"सर, खात्री नाही," सुवर्णा म्हणाली होती.

सरांना शुक्रवारपर्यंत लेख धाडायचा होता. "अगं, दोनातलं एक तर बरोबर असेल. चिकटव."

एवढा मोठा माणूस, पण किती येडबंबू बोलला बघा. दोनातलं एक बरोबर असूच शकत नव्हतं. एक तर दोन्ही बरोबर, नाही तर दोन्ही चूक. सुवर्णाला ते तेव्हाच कळलं होतं. तरी तिनं अंदाजानं चिकटवली, इतकी सफाईनं की जोड भिंगाखालीही दिसू नये. पुढं दोन्ही पोटं परत काढून त्यांची चित्रं झाली आणि त्यांतूनच जनुकंही वाचली गेली. ती अक्षरं जगाच्या यादीत चढली, यादीतून शाण्या खांबाच्या डोक्यात गेली. तीस वर्षांत दुसरं एकही पोट कुणी उघडलं नाही. ती विद्या शिकणारेच उरले नव्हते. यंत्र असताना नसती कटकट कोण करतो?

अंदाज चुकला होता, पोटांची अदलाबदल झाली होती. म्हणून आज डोंगरावरच्या एकशे बारा कामकऱ्यांना खांब चोर म्हणत होता.

फवारणी म्हणजे जुनं जहाल औषध असतं तर एक वेळ परवडलं असतं. त्यानं थोडी मेली असती, थोडी वाचली असती. हा फवारा नेमबाज होता. त्यातला रेणू म्हणजे एका ठरावीक जनुकाची उलटी प्रत. ज्या किड्यात ती अक्षरं असतील त्याच्यातच तो जाऊन चिकटतो, ते जनुक बंद पाडतो आणि मादीनं आधी घातलेली आणि पुढं घालायची सगळी अंडी वांझ निघतात. मधमाशीला, फुलपाखराला, माणसाला काही होत नाही. जाहिरातीत म्हणायचे, 'चोराला शिक्षा, सावाला रक्षा.' फक्त चोर कोण, ते आधी कुणीतरी बरोबर सांगायचं होतं.

सुवर्णा दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेली.

आठल्ये सर चौऱ्याऐंशीचे झाले होते. ओळखयंत्राच्या सल्लागार मंडळात अजून त्यांचं नाव पहिलं होतं. त्यांनी स्वतः उठून चहा केला. तिनं सगळं सांगितलं, केसांचे फोटो दाखवले. सरांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिले.

"तू मला तेव्हा बोलली होतीस का?"

"बोलले होते सर. खात्री नाही म्हटलं होतं."

"मग मी काय म्हणालो?"

"चिकटव म्हणालात."

सरांनी चष्मा काढून पुसला. "सुवर्णा, हे काढायचं तर नावं ठरवणाऱ्या समितीपुढं न्यावं लागेल. आणि नियम तुला ठाऊक आहे. नाव नमुन्याला बांधलेलं असतं. तुझ्या नावाच्या नमुन्याचं डोकं कामकऱ्याचं आणि पोट चोराचं. समिती पोटाकडं बघेल. ती म्हणेल, पोट तीच जात. मग जन्मभर, जगभर, त्या आयत्या चोराचं नाव सुवर्णाए. चालेल तुला?"

तिच्या डोळ्यांपुढं तो व्हरांडा आला, ती मोडलेली भाकरी आली.

"पण सर, फवारणी सोमवारी आहे. राधानगरीपासून आंबोलीपर्यंत. रानातल्या झाडांवरसुद्धा, कीड तिथून परत येऊ नये म्हणून."

"पंधरा दिवस दे मला. मी असं लिहितो की तुझं नाव जागच्या जागी राहील. घाईत गेलं तर ते हातचं जाईल. आणि एका मोसमात कुठली जात संपते गं? पाखरं परत येतात."

पाखरं परत येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं आणि तिलाही. भोम्यावरचं हे पाखरू एकच मोसम जगतं, अंडी वांझ निघाली की पुढच्या वर्षी काहीच नाही. पण समोर सर होते, ज्यांनी तिला चोर म्हणू दिलं नव्हतं. आणि त्याहून खरं सांगायचं तर तिला स्वतःचं नाव हवं होतं. मूल नाही, संसार नाही, घर भावाचं. जगात तिची म्हणून असलेली ती एकच गोष्ट होती. ती "बरं" म्हणाली आणि चहा पिऊन निघाली.

रविवारी संध्याकाळी प्रांजल मोबाइल घेऊन सोप्यात येऊन बसली. फवारणीला संमती द्यायची तर अंगठा उमटवायचा होता, दिवेलागणीपर्यंत. सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. ज्या घरात पुण्याची पाखरंवाली बाई आहे ते घर काय करतंय बघू, मग आपण करू, असा सरळ हिशोब.

"आत्ती, मला कसंतरीच वाटालंय. ही पाखरं बाबांच्या वेळेपासनं हायत. पाखरं हायत आणि फळ बी हाय. मग आत्ताच चोर कशी झाली? तू म्हणशील तसं करतो."

सुवर्णा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"यंत्राला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुझं तू बघ."

"न्हाई, पर तू बघितलंस न्हवं भिंगातनं?"

"म्हातारे डोळे गं माझे. तुझं तू बघ म्हटलं ना."

प्रांजलनं अंगठा उमटवला. तासाभरात दोनशे अंगठे उमटले. दुसऱ्या दिवशी ड्रोन आले, धुकं सोडल्यासारखे डोंगरावरून फिरले आणि गेले. ना वास, ना कुणाला खोकला. पोरंटोरं ड्रोनमागं धावत होती. सुवर्णा दार लावून घरात बसून राहिली.

त्या वर्षीची फळं तर आधीच धरलेली होती, त्यामुळं सुगी झोकात झाली. अळीनं खाल्लेली बी शोधून एखादीच सापडे. गावात पेढे वाटले गेले. पुढच्या वर्षी भोमा फुलला. हिरवट फुलांनी फांद्या लगडल्या, आठ दिवसांनी फुलं सुकली, पंधराव्या दिवशी गळाली. झाडाखाली नुसता फुलांचा कचरा पडला. अख्ख्या डोंगरात ओंजळभर फळ मिळालं नाही. आयत्या पाखरालाही अंडी घालायला फळ उरलं नाही, तेही गेलं.

शाणा खांब रोज सकाळी सांगत होता: तस्कर, शून्य. सुवर्णाए, शून्य. तालुक्याच्या केंद्रात कीड-निर्मूलनाचा सत्कार झाला, खांबाला हार घातला. फळ का नाही, असं विचारल्यावर साहेब म्हणाले, हवामान.

सरांनी समितीला पत्र पाठवलंच नव्हतं. त्यांच्या मुलानं नंतर सांगितलं, मसुदा टेबलाच्या खणात होता, तीनदा खोडून लिहिलेला. सर त्याच उन्हाळ्यात गेले. मोठमोठ्यांनी श्रद्धांजल्या वाहिल्या. सुवर्णा तिकडं गेली नाही.

मग तिनं स्वतः लिहिलं. कुणाला न सांगता, सगळं, पेटीतल्या दोन पोटांपासून. समितीचं उत्तर यायला वर्ष लागलं. उत्तर मोठं सौजन्याचं होतं. नमुना मिश्र असल्याचं मान्य. अशा वेळी नोंद करणाऱ्याचा हेतू बघायचा. हेतू जिभेवर केस असलेल्या जातीला नाव देण्याचा होता, हे स्पष्ट आहे. म्हणून 'सुवर्णाए' हे नाव कामकऱ्या जातीलाच कायम राहील. खाली एक ओळ: सदर जात गेल्या दोन मोसमांत कुठंही आढळलेली नाही.

म्हणजे ज्या भीतीनं तिनं तोंड शिवून घेतलं, ती भीतीच फुकाची होती. नाव जागच्या जागी होतं. ती तो कागद हातात घेऊन खूप हसली, मग रडली, मग उठून भात लावला, कारण प्रांजल डोंगरावरून यायची वेळ झाली होती.

चौथ्या वर्षी निम्मं गाव कोल्हापूर-बेळगावला कामाला गेलं. उरलेल्या बायांना सुवर्णानं हातानं फळ धरवायला शिकवलं. तिच्या जुन्या पेटीतला डिंक लावायचा ब्रश, तीन केसांचा. तो नरफुलात फिरवायचा, मादीफुलाच्या टोकाला टेकवायचा. जोर दिला तर फूल मोडतं. दिवसाकाठी एका बाईच्या दोन फांद्या होतात. सुवर्णाचे हात त्रेसष्टाचे सदुसष्ट झाले तरी अजून स्थिर होते. तिच्या चार फांद्या व्हायच्या. एक पाखरू एका रात्रीत किती करायचं, याचा आकडा तिला माहीत होता. तो ती कुणाला सांगत नव्हती.

त्या सकाळी ती आणि प्रांजल एकाच झाडाला होत्या. प्रांजलची पाठ दुखायला लागली होती. तिनं कंबरेवर हात ठेवून अंग मागं ताणलं आणि हसली.

"आत्ती, जीव जायची पाळी आली. हे असलं किचकट काम आधी कोण करायचं गं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. वारा करतो, देव करतो, अशीच सगळ्यांची समजूत. सुवर्णानं ब्रश फुलातून काढला.

"एक पाखरू करायचं. माझ्या नावाचं."

"तुझ्या नावाचं? ते खांबाच्या यादीतलं सुवर्णाए? अगं, आणि कधी बोलली न्हाईस! मग गेलं कुठं ते?"

"मी मारलं," सुवर्णा म्हणाली. "तू अंगठा द्यायच्या आधी विचारलं होतंस मला. तेव्हा मला माहीत होतं. चोर नव्हतं ते. मी भिंगातून बघितलं होतं."

प्रांजल हसायची थांबली. आधी तिला चेष्टा वाटली असावी. मग तिनं आत्याच्या तोंडाकडं बघितलं, खाली रिकाम्या पडलेल्या घरांकडं बघितलं. सुवर्णाला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल, ब्रश फेकून देईल. तिनं तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

प्रांजलनं पदर खोचला आणि शिडी उचलून झाडाच्या पलीकडच्या अंगाला लावली.

"वरच्या फांद्या मी करतो," ती म्हणाली. "खालच्या तुम्ही करा."

जन्मल्यापासून तिनं आत्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. सुवर्णानं मान हलवली, ब्रश परागात बुडवला आणि खालच्या फांदीचं पहिलं फूल धरलं.